नाव एका राज्यात, माणूस दुसऱ्या राज्यात

कागलहून निपाणीला निघाले की वाटेत कोगनोळी लागते. तिथे महाराष्ट्र संपतो आणि कर्नाटक सुरू होतो. पाट्यांवरची लिपी बदलते, एसटीच्या जागी दुसऱ्या महामंडळाच्या गाड्या दिसू लागतात. बाकी शिवारात उसाचे फड तेच आणि घरातली बोलीही बरीचशी तीच. निपाणीकडचे पेशंट मोठ्या दुखण्याला कोल्हापूर गाठतात, तिथल्या डॉक्टरची चिठ्ठी घेऊन परततात आणि गावातल्या मेडिकलमधून औषध घेतात. गोळीची पट्टी तीच असते, तिच्यावर छापलेली किंमतही तीच. पण कागलमध्ये वर्षानुवर्षे अशाच चिठ्ठ्या वाचून औषधे देणारी एखादी फार्मासिस्ट लग्न होऊन निपाणीला आली, तर दुसऱ्या दिवशी तिला तिथल्या काउंटरमागे उभे राहता येत नाही. शिक्षण आणि अनुभव तिच्याबरोबर आलेले असतात, नाव मात्र महाराष्ट्राच्या मुंबईतल्या रजिस्टरमध्ये राहिलेले असते.

फार्मासिस्टचा अधिकार नुसत्या पदवीतून येत नाही. डी. फार्म. किंवा बी. फार्म. झाले तरी राज्याच्या फार्मसी कौन्सिलच्या रजिस्टरमध्ये नाव चढल्याशिवाय आणि नोंदणी क्रमांक मिळाल्याशिवाय डॉक्टरच्या चिठ्ठीवरचे औषध देता येत नाही. तसे कुणी दिले तर १९४८ च्या फार्मसी कायद्याच्या कलम ४२ प्रमाणे तो गुन्हा होतो. नोंदणीकृत फार्मासिस्ट कोण, याची व्याख्या त्याच कायद्यात आहे: माणूस सध्या ज्या राज्यात राहतो किंवा व्यवसाय करतो, त्या राज्याच्या रजिस्टरमध्ये ज्याचे नाव सध्या आहे, तो. म्हणजे मुक्काम हलला की मुंबईतली नोंदणी खोटी ठरत नाही, पण नव्या गावी ती कामालाही येत नाही.

दुकानाचे लायसन ही वेगळी गोष्ट. ते १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली मिळते. महाराष्ट्रात ते अन्न व औषध प्रशासन, म्हणजे एफडीए, देते. किरकोळ विक्रीसाठी फॉर्म २० आणि २१, घाऊक विक्रीसाठी २० बी आणि २१ बी. किरकोळ दुकानाचे लायसन हवे असेल तर एका नोंदणीकृत फार्मासिस्टचे सर्टिफिकेट त्या दुकानाला लावावे लागते, आणि चिठ्ठीवरचे औषध त्याच्या हातून किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखालीच दिले जावे असा नियम आहे. कौन्सिल आणि एफडीए ही दोन स्वतंत्र कार्यालये आहेत. गाव बदलणाऱ्या फार्मासिस्टला जुन्या राज्यातल्या दोन आणि नव्या राज्यातल्या दोन, अशा चार कार्यालयांशी गाठ घालावी लागते.

कायद्याची भाषा याबाबत पुष्कळ उदार आहे, हे आधी सांगितले पाहिजे. कलम ३२ म्हणते की अर्जदार त्या राज्यात राहत असेल किंवा तिथे व्यवसाय करत असेल आणि तो दुसऱ्या राज्यातला नोंदणीकृत फार्मासिस्ट असेल, तर ठरलेली फी भरून नाव नोंदवून घेण्याचा त्याला हक्क आहे. दुसऱ्या राज्याची नोंदणी हीच पुरेशी पात्रता मानली आहे. पुन्हा परीक्षा नाही, मुलाखत नाही. एवढे वाचून कुणालाही वाटेल की आठवडाभरात काम उरकेल.

प्रत्यक्षात जी फाईल तयार करावी लागते ती उघडून पाहण्यासारखी असते. वर दहावी-बारावीची प्रमाणपत्रे, खाली डिप्लोमाच्या किंवा पदवीच्या सर्व वर्षांच्या गुणपत्रिका, डी. फार्म. असेल तर ५०० तासांच्या प्रत्यक्ष प्रशिक्षणाचा दाखला, जुन्या राज्याचे मूळ नोंदणी प्रमाणपत्र, रिन्युअल भरल्याची पावती. मग जुन्या कौन्सिलची एनओसी आणि 'गुड स्टँडिंग'चा दाखला, म्हणजे या व्यक्तीविरुद्ध काही कारवाई नाही आणि नोंदणी चालू आहे, अशी लेखी ग्वाही. शेवटी स्टॅम्प पेपरवर नोटरीसमोर केलेले ॲफिडेव्हिट, की माझे नाव अन्य कोणत्याही राज्याच्या रजिस्टरवर राहणार नाही. राज्याराज्यांत यादी थोडी मागेपुढे होते, सांगाडा हाच.

त्यात वास्तव्याचा पुरावा ही पहिली अडचण. कायदा 'राहतो किंवा व्यवसाय करतो' असे दोन पर्याय देतो, पण नोंदणीशिवाय व्यवसाय करता येत नसल्यामुळे नव्याने आलेल्याला पहिलाच पर्याय उरतो. लग्न होऊन आलेल्या मुलीचे आधार माहेरच्या पत्त्याचे, वीजबिल सासऱ्यांच्या नावाचे. नवऱ्याची बदली झाली म्हणून आलेलीचे घर सरकारी क्वार्टरमध्ये. दुसरी अडचण नावाची. गुणपत्रिकांवर माहेरचे नाव, नव्या ओळखपत्रावर सासरचे, आणि दोन्ही एकाच बाईची आहेत हे पटवायला विवाह नोंदणी प्रमाणपत्र, कुठे राजपत्रातली नावबदलाची प्रसिद्धीही. लग्नानंतर गाव आणि नाव दोन्ही बदलण्याची पाळी बहुतेक वेळा बाईवरच येते. म्हणून या साऱ्या कागदपत्रांचा मोठा भार बायकांच्या डोक्यावर पडतो, आणि नोंदणीचे नियम ठरवताना ही गोष्ट कुणी फारशी मनावर घेतलेली दिसत नाही.

पुढचा टप्पा पडताळणीचा, आणि वेळ खरा तिथे जातो. अर्जदार सगळे मूळ कागद हातात घेऊन समोर उभा असला तरी नवी कौन्सिल जुन्या कौन्सिलला पत्र लिहून विचारते की हे प्रमाणपत्र तुम्हीच दिले का. कधी परीक्षा मंडळाला किंवा विद्यापीठालाही स्वतंत्र पत्र जाते. महाराष्ट्रातल्या डी. फार्म.च्या परीक्षा तंत्रशिक्षण मंडळ घेते, त्यामुळे ते पत्र मंडळाकडे. प्रत्येक पत्राला आवक क्रमांक, मग टेबल, मग सही, मग जावक क्रमांक. उत्तर आले नाही तर स्मरणपत्र, आणि स्मरणपत्र पाठवा म्हणून सांगायला पुन्हा अर्जदारच. विदर्भातून परराज्यात गेलेली एक फार्मासिस्ट सांगत होती, की शेवटी जुन्या राज्यातल्या कार्यालयात तिच्या वडिलांनी खेपा घातल्या. दरम्यान नव्या गावातल्या दुकानदाराने तिला सांगितले, "ताई, तुमचा नंबर आला की फार्मासिस्ट म्हणून घेतो. तोवर बिलिंगला बसायचं तर बसा." ती बसली. बी. फार्म. झालेली, अनेक वर्षे औषधे दिलेली ती बाई बिले करत बसली, आणि शेजारी उभा असलेला बारावी झालेला मुलगा चिठ्ठ्या वाचून कपाटातून पट्ट्या काढून देत होता. दुकानाच्या भिंतीवर सर्टिफिकेट लावलेले होते, पण त्यावरचे नाव असलेला फार्मासिस्ट तिला तिथे कधी दिसला नाही.

राज्यवार रजिस्टर मुळात का आले, हेही समजून घेतले पाहिजे, कारण त्यामागे आडमुठेपणा नव्हता. ब्रिटिश काळात औषध कुणी द्यावे यावर देशभर लागू होईल असे बंधन नव्हते. १९३० मध्ये कर्नल आर. एन. चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली औषध चौकशी समिती नेमली गेली आणि पुढच्या वर्षी तिने औषधांच्या दर्जाबरोबरच औषध देणाऱ्यांच्या शिक्षणाचा आणि नियमनाचा प्रश्न मांडला. १९३२ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात महादेव लाल श्रॉफ यांनी फार्मसीचे विद्यापीठीय शिक्षण सुरू केले. पण देशात प्रत्यक्ष काम करत होते ते कंपाउंडर. दवाखान्यात डॉक्टरच्या हाताखाली मिक्श्चर घोटून शिकलेले, पदवी नसलेले. १९४८ चा कायदा झाला तेव्हा त्यांना एका फटक्यात बाहेर काढणे शक्यही नव्हते आणि योग्यही नव्हते. म्हणून पहिल्या रजिस्टरसाठी अट ठेवली की दवाखान्यात किंवा इस्पितळात किमान पाच वर्षे औषधे तयार करण्याचे काम केलेल्यालाही नाव नोंदवता येईल. आता अमुक माणसाने तमुक गावच्या दवाखान्यात पाच वर्षे काम केले की नाही, हे दिल्लीत बसून कोण तपासणार? त्यासाठी प्रत्येक राज्याने नोंदणी न्यायाधिकरण नेमून अर्ज छाननी करायचे होते. ओळख स्थानिक होती, म्हणून रजिस्टरही स्थानिक झाले. त्या काळाला ते अगदी साजेसे होते.

त्याच कायद्यात आणखी एक सोय आहे, जिच्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. दोन किंवा अधिक राज्यांनी आपसात करार करून एकच संयुक्त कौन्सिल नेमावी, अशी मुभा त्यात पहिल्यापासून आहे. राज्याची सीमा ही रजिस्टरचीही सीमा असलीच पाहिजे असे तो कायदा करणाऱ्यांनाही वाटत नव्हते.

माणसे हलतात याची जाणीव कायद्याला पुढेही होत राहिली. १९५९ आणि १९७६ च्या दुरुस्त्यांनी फाळणीमुळे घरदार सोडून आलेले आणि ब्रह्मदेश, श्रीलंका, युगांडा अशा देशांतून परतलेले औषध व्यावसायिक यांच्यासाठी खास तरतुदी केल्या. नंतर भारतात सामील झालेल्या भूभागांतल्या लोकांचाही त्यांत विचार आहे, आणि इथे मराठी वाचकाला गोवा आठवेल. पणजीतले वैद्यकीय विद्यालय १८४२ चे, फार्मसीचे शिक्षण तिथे पोर्तुगीज अमलातच सुरू झालेले. अगदी अलीकडे, २०२३ मध्ये, जम्मू-काश्मीरसाठी पुन्हा दुरुस्ती करावी लागली. तिथे राज्याचा स्वतःचा संवत २०११ चा, म्हणजे इ. स. १९५५ चा, फार्मसी कायदा होता. तो गेला आणि केंद्राचा लागू झाला, तेव्हा जुन्या रजिस्टरवरच्या लोकांचे काय, हा प्रश्न उभा राहिला. संसदेने सांगितले की एका वर्षात अर्ज करून फी भरली की त्यांना नव्या कायद्याखाली नोंदणीकृत मानावे. एका आख्ख्या प्रदेशाचे रजिस्टर एका कलमाने हलवता येते. मग एका फार्मासिस्टचे नाव हलवायला इतकी यातायात का पडावी?

१९७६ च्याच दुरुस्तीने केंद्रीय रजिस्टरही आणले. राज्य कौन्सिलने नाव नोंदवले की ते दिल्लीच्या फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाला कळवायचे आणि तिथे सगळ्या राज्यांची नावे एकत्र राहायची. हे रजिस्टर ताजे आणि सर्वांना पाहता येण्याजोगे असते, तर पडताळणीचे पत्र लिहायची गरजच उरली नसती. पण औषध देण्याचा अधिकार राज्याच्या रजिस्टरवरच टांगलेला आहे, आणि म्हणून नव्या राज्याचा कारकून खात्रीसाठी दिल्लीकडे न बघता जुन्या राज्याकडे बघतो.

तपासणी नकोच, असे मी मुळीच म्हणत नाही. बोगस प्रमाणपत्रांचा धंदा खरा आहे आणि तो जीवघेणा आहे. बिहारमधल्या बनावट फार्मासिस्टांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये राज्य सरकारला आणि फार्मसी कौन्सिलला त्यांच्या जबाबदारीची कडक शब्दांत आठवण करून दिली होती. आपल्याकडे महेश झगडे एफडीएचे आयुक्त असताना दुकानात फार्मासिस्ट हजर असलाच पाहिजे म्हणून मोहीम उघडली गेली, अनेक दुकानांची लायसने निलंबित झाली आणि केमिस्टांनी बंद पुकारले. त्या वादात झगडे यांचे सगळे पटो न पटो, भिंतीवर सर्टिफिकेट आणि काउंटरमागे भलताच माणूस, हे चित्र महाराष्ट्रात किती रुळले आहे ते तेव्हा उघड्यावर आले.

पण हे भिंतीवरचे सर्टिफिकेट येते कुठून? व्यवसायातले लोक ते मोकळेपणाने सांगतात. कुणी औषध कंपनीत नोकरीला लागलेला असतो, कुणी प्राध्यापक झालेला असतो, आणि कुणी गाव सोडून गेलेली असते. तिचे सर्टिफिकेट जुन्या दुकानालाच लावलेले राहते. मालक म्हणतो, "असू दे की वहिनी, तुम्हालाही महिन्याला काही मिळेल." नव्या राज्यात नाव चढायला किती महिने लागतील याचा भरवसा नसतो, तिथे पगार नसतो, आणि इथे घरबसल्या पैसे मिळत असतात. मोह समजण्यासारखा आहे, कृत्य मात्र गुन्ह्याचेच. हे वारंवार घडते आणि त्याला नोंदणीच्या बदलीतली दिरंगाई हातभार लावते. जी कडक तपासणी बनावटगिरी रोखण्यासाठी आहे, तीच रेंगाळली की एका खऱ्या फार्मासिस्टला नव्या गावात घरी बसवते आणि तिच्या नावाचा कागद जुन्या गावात भाड्याने चालू ठेवते. दोन्ही गावांतल्या रुग्णांसमोर फार्मासिस्ट नसतो.

रुग्णासमोर फार्मासिस्ट असण्याने काय फरक पडतो, याचे एक उदाहरण पुरे आहे. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट ही गोळी देतात. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर तोंड फोडांनी भरते, रक्तातल्या पेशी घसरतात आणि माणूस दगावू शकतो. अशा चुका जगभर झालेल्या आहेत. ज्याला हे शिकवलेले आहे तो फार्मासिस्ट पट्टी हातात देण्याआधी थांबतो. पाकिटावर मोठ्या अक्षरात 'रविवार' लिहितो, जोडीला दिलेल्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्या दुसऱ्या पाकिटात घालून त्यावर त्यांचा वार लिहितो, आणि समोरच्या बाईंना विचारतो, "आजी, ही गोळी कधी घ्यायची? मला सांगा बघू." आजी 'रोज' म्हणाल्या तर पुन्हा समजावतो. घरी कोण असते ते विचारतो, सुनेला फोन लावायला सांगतो. या दोन मिनिटांसाठी फार्मसीचा सगळा अभ्यासक्रम आहे, सगळे रजिस्टर आहे. कपाटातून पट्टी काढून देणाऱ्या मुलाला या गोळीतला धोका कुणी सांगितलेलाच नसतो. औषध नियमांतल्या शेड्यूल एच-वन या यादीचेही तसेच. १ मार्च २०१४ पासून क्षयाची, झोपेची आणि काही प्रतिजैविक औषधे देताना डॉक्टरचे नाव, रुग्णाचे नाव, औषध आणि नग वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहून ते तीन वर्षे जपायचे आहे. जाणत्या हाताने लिहिलेले एच-वन रजिस्टर आणि महिनाअखेरीस एका बैठकीत भरलेले एच-वन रजिस्टर यांतला फरक औषध निरीक्षकाच्या ताबडतोब लक्षात येतो.

रिन्युअलकडे झालेले दुर्लक्ष बदलीच्या वेळी फार महागात पडते, ते वेगळे सांगायला हवे. ठरलेल्या मुदतीत फी भरली नाही तर रजिस्ट्रारने नाव काढून टाकायचे असते. बाळंतपणात, मुले लहान असताना, काम थांबलेले असताना ही फी राहून जाते. आणि कलम ३३ म्हणते, की ज्याचे नाव कोणत्याही राज्याच्या रजिस्टरमधून काढले गेले आहे त्याला नव्या राज्यात नाव नोंदवायचे तर कौन्सिलच्या बैठकीत तशी मंजुरी नोंदली जावी लागते. गैरवर्तन करणाऱ्याला एका राज्यातून काढल्यावर दुसऱ्या राज्यात गुपचूप शिरता येऊ नये, हा त्यामागचा हेतू रास्त आहे. पण फी विसरलेली आई आणि शिक्षा झालेला माणूस एकाच दारात उभे राहतात, आणि बैठक कधी होईल त्याची वाट बघतात. या दोघांना वेगळे करणारे एक वाक्य कायद्यात घालणे अवघड नाही.

अमेरिकेतही परवाना राज्याचाच असतो. तिथे राज्यांच्या फार्मसी मंडळांची राष्ट्रीय संघटना १९०४ मध्ये उभी राहिली ती परवान्यांची बदली सोपी करण्याच्याच हेतूने. आज न्यू जर्सीतल्या मराठी फार्मासिस्टला टेक्सासला जायचे असेल तर तो या संघटनेकडे अर्ज करतो. त्याचा परवाना स्वच्छ आहे की नाही हे संघटना स्वतः तपासून नव्या मंडळाला कळवते, आणि त्याच्या वाट्याला मुख्यतः नव्या राज्याच्या औषध कायद्याची परीक्षा येते. औषधशास्त्र पुन्हा सिद्ध करावे लागत नाही. जुना परवाना सोडण्याची सक्तीही नसते. दोन राज्यांचे परवाने एकाच वेळी ठेवता येतात, त्यामुळे मधला रिकामा काळ येतच नाही.

आपल्याकडे नोव्हेंबर २०२३ मध्ये आरोग्य मंत्रालयाने राष्ट्रीय फार्मसी आयोगाच्या विधेयकाचा मसुदा लोकांसमोर ठेवला. १९४८ चा कायदा जाऊन त्याच्या जागी हा यावा अशी कल्पना आहे, आणि त्यात राष्ट्रीय रजिस्टर आहे. डिप्लोमावाल्यांसाठी नोंदणीआधीच्या एक्झिट परीक्षेचे नियम २०२२ मध्येच आले आहेत. एकदा देशपातळीवरची परीक्षा उत्तीर्ण झालेल्या फार्मासिस्टची गुणपत्रिका प्रत्येक राज्यात नव्याने तपासण्यात काही अर्थ उरत नाही. पण नुसत्या राष्ट्रीय रजिस्टरने हा प्रश्न सुटणार नाही, ते तर आपल्याकडे कागदावर आधीपासून होतेच. नवे नाव चढेपर्यंत जुने उतरवायचे नाही आणि दोन्ही नोंदी एकाच तारखेला करायच्या, असा नियम हवा. पडताळणीची जबाबदारी दोन कार्यालयांवर हवी आणि तिला मुदत हवी, मुदत टळली तर तात्पुरती नोंदणी मिळावी. जुन्या राज्याच्या एफडीएला त्याच क्षणी कळावे, म्हणजे मागे राहिलेले सर्टिफिकेट त्याच दिवशी दुकानातून उतरेल. या शेवटच्या गोष्टीला काही दुकानदारांचा विरोध होईल. तो मोडून काढावा.

तोवर ज्यांना गाव बदलायचे आहे त्यांनी सामान बांधायच्या आधीच कामाला लागावे. रिन्युअल चालू वर्षापर्यंत भरून पावती ठेवावी. गुड स्टँडिंगचा दाखला आणि एनओसी यांचे अर्ज जुन्या गावात असतानाच द्यावेत आणि आवक क्रमांक लिहून घ्यावा. दुकानाचा राजीनामा लेखी द्यावा, त्याची प्रत एफडीएला देऊन पोच घ्यावी, आणि भिंतीवरचे सर्टिफिकेट स्वतःच्या हाताने उतरवून घ्यावे, मालक कितीही ओळखीचा असला तरी. लग्नानंतर नाव बदलले असेल तर ते जुन्याच रजिस्टरमध्ये आधी दुरुस्त करून घ्यावे. नव्या राज्यात रजिस्ट्रारने अर्ज फेटाळला तर कारण लेखी मागावे. त्याविरुद्ध तीन महिन्यांच्या आत कौन्सिलकडे अपील करता येते, आणि ते करावे.